सोयाबीन आवक-नोंद प्रणाली: प्रकल्प नोंदी, जून ते ऑक्टोबर 2025

16 जून 2025, सोमवार. छत्रपती संभाजीनगर

आजपासून ही नोंदवही मी ठेवणार आहे. लातूर जिल्ह्यातील एका शेतकरी उत्पादक कंपनीसाठी आवक, प्रतवारी, वजन, कपात आणि शेतकऱ्याच्या खात्यावर जाणारे पैसे या सगळ्यांची एकच संगणकीय प्रणाली उभी करण्याचे काम आमच्याकडे आहे. औसा तालुक्यातील मुख्य गोदाम आणि चाकूर तालुक्यातील खरेदी केंद्र अशा दोन ठिकाणी ती चालवायची आहे. मी एप्रिलपासून या कामावर बिझनेस ॲनालिस्ट म्हणून आहे. आमच्या प्रकल्प व्यवस्थापकांकडे आणखी दोन प्रकल्प आल्यामुळे त्यांना यापुढे दर सोमवारी एकच तास देता येईल. रोजचे नियोजन, पाठपुरावा आणि कळवाकळवी मी पाहावी, असे आज सकाळी ठरले.

दोन महिन्यांत गरजांचा 43 पानांचा दस्तऐवज तयार झाला आहे आणि त्याबद्दल मला समाधान होते. दुपारी तो नव्या जबाबदारीने पुन्हा वाचायला घेतला. काय हवे आणि का हवे हे त्यात पानोपानी आहे, परंतु कधी हवे, कशाच्या नंतर हवे आणि कोणाच्या सहीने हवे हे एकाही पानावर नाही. माझ्या कामाची आंतरराष्ट्रीय संघटना, म्हणजे 2003 मध्ये कॅनडात स्थापन झालेली आयआयबीए, विश्लेषकाच्या कामाची सहा ज्ञानक्षेत्रे मानते आणि त्यांतील पहिलेच नियोजन व देखरेखीचे आहे. ते मी परीक्षेपुरते वाचले होते. प्रकल्प व्यवस्थापन हे दुसऱ्याचे काम आहे, आपले काम ऐकणे आणि लिहिणे एवढेच, अशी माझी समजूत होती. ती सोडायला हवी, कारण ज्याने गरज ऐकली आहे त्यालाच कोणती गरज थांबू शकते हे सर्वांत आधी कळते.

19 जून, गुरुवार. औसा

करारात प्रणाली सुरू करण्याची तारीख 31 ऑक्टोबर आहे. ही तारीख कोणी आणि कशावरून घातली, हे कोणालाच आठवत नाही. म्हणून आज मुख्य गोदामावर जाऊन काट्यावर काम करणाऱ्या मामांजवळ दिवसभर बसले. सध्या आवक तुरळक असल्याने त्यांना बोलायला वेळ होता.

मामांनी सांगितले ते इथे जसेच्या तसे लिहिते: “ताई, दसऱ्याच्या आगंमागं माल सुरू होतो अन् दिवाळीच्या आदी गर्दी होती. गाडी काट्यावर चढली की मागं रांग लागती. तुमच्या मशीननं एका गाडीला धा मिनटं घेतली तर सांजच्याला माणसं माझ्या अंगावर येतील.”

या तीन वाक्यांत प्रकल्पाची खरी मुदत आणि कामगिरीची अट दोन्ही आल्या. सोयाबीनचे बहुतेक वाण पेरणीपासून 95 ते 110 दिवसांत काढणीला येतात. या भागात 20 जूनच्या सुमारास पेरणी झाली असे धरले, तर सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून मळणी सुरू होईल. यंदा दसरा 2 ऑक्टोबरला आणि लक्ष्मीपूजन 21 ऑक्टोबरला आहे. शेतकऱ्याला दिवाळीचा बाजार, रब्बीचे बी-खत आणि उधारी यांसाठी पैसे याच तीन आठवड्यांत लागतात. म्हणजे 31 ऑक्टोबरला सुरू झालेली प्रणाली करारानुसार वेळेवर ठरली असती, पण हंगामातील मोठी आवक तोपर्यंत कागदी वहीतच गेली असती. नवी अंतर्गत मुदत 12 सप्टेंबर ठरवली असून त्यापुढचा काळ सराव आणि दुरुस्तीसाठी राखला आहे. कामगिरीची अट अशी लिहिली: गाडी काट्यावर चढल्यापासून वजनचिठ्ठी हातात पडेपर्यंत तीन मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागू नये.

24 जून, मंगळवार. औसा आणि चाकूर

ओलाव्याच्या कपातीचा नियम दोन केंद्रांवर दोन प्रकारचा आहे, हे आज उघड झाले. दोन्हीकडे 12 टक्क्यांपर्यंत पूर्ण वजन धरतात आणि त्यापुढे प्रत्येक टक्क्याला क्विंटलमागे एक किलो कापतात. फरक अपूर्णांकात आहे. ओलावा 13.4 आला, तर औशात 1.4 किलो कापतात आणि चाकूरला पुढचा पूर्ण टक्का धरून 2 किलो. पंचवीस क्विंटलच्या गाडीवर हा फरक 15 किलोचा होतो. क्विंटलला 4,400 रुपये भाव धरला, तर एकाच कंपनीच्या दोन सभासदांमध्ये 660 रुपयांचे अंतर पडते.

शास्त्रीय हिशोब तर दोन्हींहून वेगळा आहे. 14 टक्के ओलाव्याच्या 100 किलो मालात कोरडा भाग 86 किलो असतो; तोच माल 12 टक्क्यांवर आणला की वजन 97.73 किलो भरते. म्हणजे खरी घट 2.27 किलो आहे आणि रुढ नियम 2 किलोच कापतो. ही तफावत मी टिपणात मांडली, परंतु कोणता नियम घ्यावा हे मी ठरवणार नाही. पूर्वी अशा वेळी बहुमताचा नियम लिहून मी पुढे गेले असते. सॉफ्टवेअरमध्ये एकदा बसलेला नियम हजारो पट्ट्यांवर, म्हणजे शेतकऱ्याला मिळणाऱ्या हिशोबाच्या कागदांवर, चालतो, त्यामुळे तो कोणी बसवला याला उत्तर हवे.

म्हणून संध्याकाळी जबाबदारीचा तक्ता केला. प्रत्येक निर्णयापुढे काम कोण करील, उत्तरदायी कोण, सल्ला कोणाचा घ्यायचा आणि कोणाला कळवायचे असे चार रकाने आहेत. उत्तरदायी या रकान्यात एकच नाव लिहायचे, ही अट मी कसोशीने पाळली. कंपनीचे सचिव सुरुवातीला म्हणाले, “मॅडम, तिथं संचालक मंडळ लिहा की.” मंडळ मंजुरी देईल, पण निर्णय मंडळापुढे नेऊन तारखेच्या आत परत आणणारी एक व्यक्ती लागते, हे त्यांना समजावून सांगितले. त्यांनी विचार करून स्वतःचे नाव लिहायला सांगितले. ओलाव्याचा विषय 28 जूनच्या बैठकीत घेण्याचे ठरले.

30 जून, सोमवार

28 तारखेची बैठक झालीच नाही. पाऊस झाल्याने संचालक पेरणीत होते. यात तक्रार करण्यासारखे काही नाही. ते आधी शेतकरी आहेत. बैठकीची तारीख ठरवताना पेरणीचा विचार मी करायला हवा होता. नवी तारीख 12 जुलै. यापुढे आराखड्यात कार्यालयीन सुट्ट्यांसोबत पेरणी, पोळा, महालक्ष्म्या आणि काढणी यांचेही दिवस दाखवले जातील. आमच्याकडे महालक्ष्म्यांना माणूस गावी जातोच, आणि त्या आठवड्यात चाचणी लावणारा आराखडा कागदावरच राहतो.

2 जुलै, बुधवार. छत्रपती संभाजीनगर

कामाची फोड आणि अंदाज यांत पूर्ण दिवस गेला. डेव्हलपरना आजवर मी “किती दिवस लागतील?” असा एकच प्रश्न विचारत असे आणि ते एकच आकडा देत, जो बहुधा मला खूश करणारा असे. आज प्रत्येक कामाला तीन आकडे मागितले: सगळे सुरळीत गेले तर, नेहमीसारखे गेले तर, आणि अडचणी आल्या तर. वजनकाट्याच्या जोडणीला 4, 6 आणि 14 असे उत्तर आले. मधल्या आकड्याला चौपट वजन देऊन बेरजेला सहाने भागायचे, ही रीत 1958 मध्ये अमेरिकी नौदलाच्या पोलॅरिस क्षेपणास्त्र प्रकल्पासाठी विकसित झालेल्या पर्ट पद्धतीतून आली आहे. त्यानुसार 4 अधिक 24 अधिक 14, भागिले 6, म्हणजे 7 दिवस. माझ्या दृष्टीने 7 या उत्तरापेक्षा 14 हा आकडा मोलाचा ठरला, कारण तो का दिला असे विचारल्यावर डेव्हलपर म्हणाला की काट्याच्या दर्शक यंत्रातून माहिती कोणत्या स्वरूपात बाहेर पडते ते आपल्याला अजून कोणी सांगितलेलेच नाही. चाळीस मिनिटांच्या बैठकीत जे निघाले नसते ते त्या एका मोठ्या आकड्यातून निघाले.

मग कामांची साखळी मांडली. काटा-जोडणी 7 दिवस, कपातीचा हिशोब 6, पट्टी 4, बँकेची फाइल 5, चाचणी 8, प्रशिक्षण 3, असे एकामागून एक 33 कामकाजाचे दिवस होतात. सभासद-नोंदणी आणि गोदामाची साठा-वही ही कामे समांतर चालू शकतात आणि काही दिवस सरकली तरी शेवटची तारीख हलत नाही. सर्वांत लांब साखळी कोणती हे शोधण्याची ही पद्धत 1957 च्या सुमारास अमेरिकेतील ड्यूपाँ आणि रेमिंग्टन रँड या कंपन्यांच्या अभियंत्यांनी रासायनिक कारखान्यांच्या कामासाठी बसवली. आमच्या साखळीचे पहिले टोक शोधत गेले, तेव्हा तिथे कोणतेही प्रोग्रामिंग नव्हते. काटा पुरवणाऱ्याकडून माहितीचे स्वरूप मागवणारे पत्र तिथे होते, आणि ते कोणी लिहिलेलेच नव्हते. ते आज सायंकाळी सहा वाजता पाठवले.

7 जुलै, सोमवार

आजपासून बांधणी सुरू. 12 सप्टेंबरपर्यंत दहा आठवडे आहेत. सुट्ट्या, महालक्ष्म्या आणि रजा वजा जाता दोन पूर्णवेळ आणि एक अर्धवेळ डेव्हलपर मिळून सुमारे 110 मनुष्यदिवस हाती राहतात.

सचिव आणि दोन्ही केंद्रप्रमुखांना एकत्र बसवून गरजांचे चार गट केले: अत्यावश्यक, आवश्यक, जमल्यास, आणि या वेळी नाही. पहिल्या फेरीत अत्यावश्यक गटातच 84 मनुष्यदिवसांची कामे जाऊन बसली. प्राधान्य ठरवण्याची ही पद्धत वापरणाऱ्या डीएसडीएम या प्रकल्प-व्यवस्थापनाच्या चौकटीत अत्यावश्यक कामे एकूण श्रमांच्या 60 टक्क्यांपुढे जाऊ देऊ नयेत, असे सांगितले आहे, आणि आमची 76 टक्क्यांवर गेली होती. ही मर्यादा मला फार शहाणपणाची वाटते, कारण सगळेच अत्यावश्यक असले तर अडचणीच्या दिवशी सोडायला हातात काहीच उरत नाही.

कमी करताना एकच प्रश्न विचारला: हे नसेल तर त्या दिवशी शेतकऱ्याचा माल घेता येईल का आणि त्याला पैसे देता येतील का? “येईल, पण त्रास होईल” असे उत्तर आले की ते काम खालच्या गटात. संचालकांसाठीचे आलेख, जुन्या तीन वर्षांच्या वह्यांची भरणी आणि बारदान्याचा हिशोब असे उतरत गेले, आणि आकडा 66 वर आला. बारदान्यावर केंद्रप्रमुख बराच वेळ अडून होते. रिकाम्या पोत्यांचा हिशोब न जुळल्यामुळे मागच्या हंगामात त्यांना स्वतःच्या खिशातून पैसे भरावे लागले होते. ते ऐकून त्या कामाचे नाव मी “आवश्यक” गटात सर्वांत वर लिहिले.

14 जुलै, सोमवार

12 तारखेला मंडळाने निर्णय दिला: दोन्ही केंद्रांवर दशांशासह कपात, म्हणजे औशाची रीत. ठरावाची प्रत नोंदीला जोडली आहे.

1 ऑगस्ट, शुक्रवार. औसा

काटा आज संगणकाशी बोलला. पुरवठादाराचे उत्तर येण्यास सोळा दिवस लागले, पण ते पत्र 2 जुलैला गेले नसते तर आज आम्ही वाट पाहत बसलो असतो.

काट्याच्या खोलीतील दृश्य मनात राहील. दर्शक यंत्राच्या मागे धुळीने बुजलेली नऊ पिनांची जोडणी होती. मामांनी ती धोतराच्या सोग्याने पुसली. रिकामा ट्रॅक्टर काट्यावर उभा केला, पडद्यावर आकडा उमटला, आणि ट्रॅक्टरचे इंजिन चालू असल्यामुळे तो दहा किलोंच्या अंतराने वरखाली होत राहिला. डेव्हलपरने बटण दाबताच जो आकडा त्या क्षणी होता तो नोंदला गेला. मामा म्हणाले, “आसं नाही, थांबावं लागतंय. आकडा बसू द्या.” ते दरवेळी मनात पाच मोजून मग वजन लिहितात. माझ्या 43 पानांत हे कुठेच नव्हते, कारण त्यांना विचारताना मी “वजन कसे लिहिता?” असे विचारले होते आणि लिहिण्याआधी थांबणे हा लिहिण्याचा भाग आहे असे त्यांना वाटण्याचे कारण नव्हते. आकडा सलग पाच सेकंद स्थिर राहिल्याशिवाय बटण उमटणार नाही, अशी सुधारणा जागेवरच ठरवली.

18 ऑगस्ट, सोमवार

आजची नोंद लिहिणे जड जात आहे, पण ती लिहिलीच पाहिजे.

नियोजनानुसार आजपर्यंत 58 मनुष्यदिवसांचे काम पूर्ण व्हायला हवे होते. प्रत्यक्षात 49 दिवसांच्या किमतीचे काम पूर्ण झाले आहे आणि त्यासाठी 61 दिवस खर्ची पडले आहेत. 49 ला 58 ने भागले तर वेळापत्रकाचा निर्देशांक 0.84 येतो आणि 61 ने भागले तर खर्चाचा 0.80. दोन्ही एकाच्या खाली, म्हणजे आम्ही मागेही आहोत आणि महागही. जास्तीचे 12 दिवस कुठे गेले ते दुपारभर शोधले. तीन दिवस ओलाव्याच्या हिशोबाच्या दुरुस्तीत गेले. उरलेले नऊ माझ्यामुळे गेले.

19 जुलैला एका संचालकांचा दूरध्वनी आला होता. हमालांची मजुरी पोत्यांवर मोजून रोज संध्याकाळी काढता यावी, असे ते म्हणाले. मागणी रास्त होती. हमालांना पैशासाठी ताटकळत उभे राहिलेले मी पाहिले होते, त्यामुळे ती मनाला भिडली, आणि मी “हो, करू या” म्हणून डेव्हलपरला तोंडी सांगितले. ना दिवस मोजले, ना सचिवांना कळवले. पोत्यांवरून किलोवर, किलोवरून केंद्रावर असे ते काम वाढत गेले आणि महिनाभरात त्याने नऊ दिवस खाल्ले.

ऐकून घेणे ही विश्लेषकाची ताकद असते. समोरच्याची अडचण समजली की ती सोडवावी असे त्याला मनापासून वाटते. त्याच ओढीने मी हमालांना दिलेला शब्द शेतकऱ्यांच्या मुदतीतून दिला आणि तो अधिकार माझा नव्हता.

19 ऑगस्ट, मंगळवार

सकाळी प्रकल्प व्यवस्थापकांना आणि मग सचिवांना दूरध्वनी करून कालची नोंद जशीच्या तशी वाचून दाखवली. व्यवस्थापकांनी आणखी दोन डेव्हलपर देऊ केले. मी आभार मानून नको म्हटले. सध्या दोन्ही बाजू मिळून सात माणसे आहेत. प्रत्येकाचा प्रत्येकाशी संपर्क मोजला तर 21 जोड्या होतात. नऊ झाली की 36 होतील, आणि ओलावा, पट्टी, तोलाई हे शब्द नव्या माणसांना समजावण्यातच पहिले दोन आठवडे जातील, तेही समजावून सांगण्यास ज्यांना वेळ नाही त्यांच्याकडून.

त्याऐवजी हमालीचे काम आहे तिथे थांबवले, “जमल्यास” गटातील सर्व कामे दिवाळीनंतर ढकलली आणि बांधणीची मुदत एक आठवड्याने, 19 सप्टेंबरपर्यंत वाढवली. संचालकांना मी स्वतः भेटून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “मग हमालांचं कधी?” त्याला तारीख देता आली: नोव्हेंबरचा दुसरा आठवडा.

बदलाच्या मागणीसाठी एक पानाचा नमुना आजपासून सुरू केला. काय हवे, कोणाला हवे, न केल्यास काय होईल, किती दिवस लागतील, आणि ते घेतल्यास यादीतील कोणते काम मागे जाईल. शेवटचा रकाना भरल्याशिवाय मागणी सचिवांच्या सहीला जाणार नाही. क्रमांक 1 हमालीचा आहे. क्रमांक 2 लगेचच आला: सोयाबीनचा हमीभाव 4,892 रुपयांवरून 5,328 झाला आहे, तेव्हा हमीभाव खरेदीची नोंदणीही याच प्रणालीत व्हावी. ती नोंदणी शासनाच्या यंत्रणेतूनच होते आणि आपल्याकडे तेच दोनदा भरावे लागेल, असे लिहून दिल्यावर सचिवांनी ती मागणी स्वतःच मागे घेतली.

4 सप्टेंबर, गुरुवार. चाकूर

महालक्ष्म्यांचे विसर्जन परवा झाले आणि आज चाकूरला उडदाची आवक प्रणालीतून घेऊन पाहिली. मूग आणि उडीद सोयाबीनच्या आधी निघतात, आवक थोडी असते, आणि काटा, पट्टी, पैसे हे सगळे टप्पे तेच असतात. सोयाबीनच्या गर्दीआधी अशी रंगीत तालीम निसर्गानेच ठेवली आहे, हे जुलैत सुचले होते. आज अकरा शेतकऱ्यांचा माल घेतला. वहीही समांतर चालू ठेवली होती.

एका गाडीला सरासरी सहा मिनिटे लागली, अटीच्या दुप्पट. मी मागे उभी राहून घड्याळ लावले, तेव्हा चार मिनिटे केवळ नाव शोधण्यात जात होती. एकाच गावात एकाच आडनावाची तीस माणसे असतात आणि केंद्रावरचा मुलगा पूर्ण नाव मराठीत टंकून शोधत होता. आधी गाव निवडायचे आणि मग सभासद क्रमांक, असा क्रम बदलला की हा वेळ वाचेल. काम दीड दिवसाचे आहे.

दुसरी अडचण वेळेची नव्हती. साठीच्या पुढच्या एक आजी दोन पोती उडीद घेऊन आल्या होत्या. सातबारा वारलेल्या पतीच्या नावावर, फेरफार झालेला नाही, बँकेचे खाते त्यांच्या स्वतःच्या नावावर, आणि पासबुकावरचे नाव आधारपत्रापेक्षा वेगळे छापलेले. प्रणालीने पट्टी अडवली, कारण “सभासदाचे नाव आणि खातेदाराचे नाव जुळले पाहिजे” ही अट मीच लिहिली होती. वहीत काय करतात, असे विचारल्यावर केंद्रप्रमुख म्हणाले, “ओळखीनं करताव. अन् खाली सरपंचाची सही घेताव.” अट सोडून द्यावी असे मला वाटत नाही, कारण ती फसवणूक रोखते, परंतु अडलेल्या पट्टीला पुढे जाण्यासाठी जबाबदार माणसाच्या सहीची वाट हवी. बदल क्रमांक 5, तीन दिवस, अत्यावश्यक. तो घेण्यासाठी साठा-वहीचा छापील अहवाल मागे गेला. आजींना वहीवरून पट्टी दिली आणि त्या गेल्यावर मी बराच वेळ त्या खुर्चीकडे पाहत बसले होते.

12 सप्टेंबर, शुक्रवार

स्थिती अहवाल तीन प्रकारे लिहायला लागल्यापासून फोन कमी झाले आहेत. मंडळाला पाच ओळी: तारीख, पैसा, अडलेले निर्णय. सचिवांना आठवड्याचा तक्ता. केंद्रांना व्हॉट्सॲपवर दर शनिवारी आवाजी संदेश, कारण काट्यावरचा माणूस जोडपत्र उघडून वाचत नाही आणि त्याने ते वाचावे अशी अपेक्षाही बरोबर नाही.

24 सप्टेंबर, बुधवार

बांधणी 19 तारखेला पूर्ण झाली, परंतु आज ते लिहिण्यात आनंद नाही. मराठवाड्यात अतिवृष्टी सुरू आहे. मांजरा आणि तेरणा पात्राबाहेर आहेत, काढणीला आलेले सोयाबीन पाण्यात उभे आहे. चाकूरच्या केंद्रावर काम करणाऱ्या मुलाचे स्वतःचे तीन एकर पाण्याखाली गेले आहे. त्याचे प्रशिक्षण उद्या होते. ते रद्द केले आणि त्याला घरी थांबायला सांगितले.

29 सप्टेंबर, सोमवार

जोखीम-नोंद आज पुन्हा उघडली. प्रत्येक जोखमीला शक्यता आणि परिणाम यांचे एक ते पाच गुण देऊन गुणाकार केला जातो. पावसाच्या ओळीत मी जूनमध्ये शक्यता 2, परिणाम 3 असे लिहिले होते, एकूण 6, आणि उपायाच्या रकान्यात “आवक लांबेल, स्वीकारावी” एवढेच होते. केवळ आकडा चुकला असता तर फारसे बिघडले नसते. जोखमीचे वर्णनच अपुरे होते. पावसाने आवक लांबते हे खरे, पण जी येते ती ओली येते. कपातीचा तक्ता मी 16 टक्क्यांपर्यंतच बांधला होता, आणि शेतात भिजलेला माल त्याहून वर येणार. असा माल वजनात कापून घेणे योग्य नाही. तो आधी वाळवावा लागतो. माल आला आहे, कंपनीच्या ओट्यावर आहे, पण खरेदी झालेला नाही, अशी अवस्था माझ्या आराखड्यात नव्हती.

बदल क्रमांक 7: “वाळवणीस ठेवला” ही नवी अवस्था, आलेले वजन आणि वाळल्यानंतरचे वजन दोन्ही नोंदले जातील, आणि दोन्हींची चिठ्ठी शेतकऱ्याला मिळेल. चार दिवस. हे काम घेतल्यास चाकूरचे केंद्र औशाबरोबर सुरू करता येणार नाही, असे शेवटच्या रकान्यात लिहिले. सचिवांनी पाच मिनिटांत सही केली. औसा 13 ऑक्टोबर, चाकूर 27 ऑक्टोबर.

13 ऑक्टोबर, सोमवार. औसा

सकाळी नऊ वाजता पहिली गाडी. दिवसभरात 38 गाड्या, त्यांपैकी 14 वाळवणीला. एका गाडीला सरासरी दोन मिनिटे पन्नास सेकंद लागली. दुपारी वीज गेली तेव्हा बॅटरीवर चाळीस मिनिटे काम चालले.

संध्याकाळी एक तक्रार आली. एका शेतकऱ्याने त्याच ढिगातील नमुना दोन ओलावा-मापकांवर लावून पाहिला, तर एकावर 13.2 आणि दुसऱ्यावर 14.1 आले. आम्ही कपात दशांशापर्यंत अचूक केली आणि मोजणारी दोन यंत्रे जवळपास एका टक्क्याने वेगळी बोलतात. त्याचे म्हणणे पूर्ण बरोबर होते आणि त्याने ते मोठ्या संयमाने सांगितले. दोन्ही यंत्रे प्रमाणित करून येईपर्यंत तीन नमुन्यांची सरासरी घ्यायची, असे सचिवांनी जागेवर ठरवले. जबाबदारीच्या तक्त्यात “ओलावा-मापकाचे प्रमाणीकरण” ही ओळ आज जोडली. उत्तरदायी, औशाचे केंद्रप्रमुख. दर महिन्याच्या एक तारखेला.

29 ऑक्टोबर, बुधवार. चाकूर

परवा चाकूरही सुरू झाले. तो मुलगा कामावर परतला आहे आणि काल त्याने एकट्याने 19 पट्ट्या काढल्या. आजींची नोंद नव्या वाटेने, केंद्रप्रमुखांच्या सहीने पूर्ण झाली.

हस्तांतराच्या यादीत अजून चार ओळी उघड्या आहेत: हमालीचा हिशोब, बारदाना, संचालकांचे आलेख आणि साठा-वहीचा अहवाल. चारहींपुढे माणूस आणि तारीख आहे. दुपारी औशाच्या मामांचा दूरध्वनी आला. चिठ्ठीवरचा निव्वळ वजनाचा आकडा फार बारीक छापला जातो, म्हाताऱ्या माणसांना तो दिसत नाही, ती माणसे मामांकडूनच वाचून घेतात आणि रांग थांबते. बदल क्रमांक 12, अर्धा दिवस, मागे जाणारे काम आलेखांचे. सचिवांकडे सहीसाठी पाठवला आहे. उत्तर शुक्रवारपर्यंत अपेक्षित.